फ्लेक्सवरचा मल्हार

नानासोनं फक्त डाग पुसले होते. त्याच्या मते त्यात पाप असं काही नव्हतं. कुपवाडात फ्लेक्सचं दुकान घालून बसलेल्या माणसानं गिऱ्हाइकाचं तोंड जसं आहे तसं छापायला सुरुवात केली, तर लवकरच त्याला फलटणला परत जाऊन भावांच्या उसाला पाणी धरावं लागेल, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. वाढदिवसाचा सरपंच असो, दहावी सुटलेला पुतण्या असो, नाहीतर श्रद्धांजलीतले आजोबा असोत, नानासो सगळ्यांना एकाच पांढऱ्या पाण्यात बुडवून काढायचा. एका आजोबांच्या घरच्यांनी तर कौतुकानं सांगितलं होतं, "गेल्यावर लय तेज आलं बगा तोंडावर!"

त्यामुळं बिरोबाच्या जत्रेच्या फ्लेक्सचं काम आलं, तेव्हा मानकऱ्यांच्या रांगेतल्या मल्हारच्या गालांवरही त्यानं तोच हात फिरवला. मल्हार त्याचा जिवाचा दोस्त. दोस्ताचं काम म्हणून हात जरा जास्तच फिरला. गालावरचे काळे डाग गेले. कपाळावरचे गेले. मग नाक एकटंच सावळं दिसायला लागलं म्हणून तेही उजळलं. शेवटी त्या तोंडावर मल्हारची म्हणावी अशी फक्त मिशी उरली.

फ्लेक्स जतच्या रस्त्याला, मल्हारच्या वाडीच्या फाट्यावर चढला. सकाळी मल्हारचा बाप तात्याबा मेंढरं घेऊन तिथून चालला होता, तो फ्लेक्सखाली थांबला. म्हाताऱ्याला अक्षरं लागत नव्हती, पण गळ्यातला ढोल ओळखू येत होता. मेंढरं तिथंच सोडून तो वाडीत उलटा आला आणि देवळापुढं बसलेल्यांवर ओरडला, "माझ्या घरचा ढोल गळ्यात घालून ह्यो कोण पाव्हणा हुबा ऱ्हायलाय? माझं पोरगं काय मेलंय व्हय रं?"

तिथं मल्हारचा चुलतभाऊ अर्जुना बसला होता. तो बसलेलाच असायचा. तो म्हणाला, "तात्या, तुमचाच मल्हार हाय त्यो. शेरात जाऊन चुना मारून आलाय."

वाडी हसली. हसणं वाडीतच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण कुणीतरी फ्लेक्सशेजारी मल्हारचा खरा फोटो जोडला, त्याखाली 'नकाशा पुसला' असं लिहिलं आणि ते फोनाफोनांतून कुपवाडपर्यंत पोचवलं.

आता 'नकाशा' हा काय प्रकार, ते सांगायला हवं. मल्हार कुपवाडच्या एका फाउंड्रीत भट्टीपुढं काम करायचा. लोखंडाचा लाल रस साच्यात ओतायचा. वर्षानुवर्षं ती धग तोंडावर घेऊन त्याच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग उठला होता, काळपट, वेड्यावाकड्या कडांचा. कारखान्यातल्या रिकामटेकड्यांनी त्यातून जिल्हे शोधून काढले. डाव्या गालावर सांगली, उजव्यावर सातारा आणि नाकावरून कृष्णा वाहते म्हणे. तेव्हापासून तो नकाशा. हे नाव तोंडावर घेणाऱ्याला त्याच्या रागाची तयारी ठेवावी लागे.

आणि मल्हारचा राग म्हणजे काय साधी गोष्ट नव्हे. राग आला की तो शर्टाच्या बाह्या दुमडायचा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट असला तरी दुमडायचा. चढावर बंद पडली म्हणून स्वतःच्या मोटारसायकलीला त्यानं भर रस्त्यात मुस्काटात मारली होती. पण खरं सांगायचं तर मल्हारनं आयुष्यातली चांगली कामंही रागातच केली. भट्टीवाल्यांचं रक्त कशाच्या कामाचं, असं कुणी म्हणालं म्हणून रागारागानं जाऊन रक्त देऊन आला. नानासोच्या दुकानमालकानं ऐन पावसात सामान बाहेर काढलं, तेव्हा हाच बाह्या दुमडून दारात उभा राहिला आणि सामान परत आत गेलं. असा माणूस दोस्त असणं फार सुखाचं असतं. फक्त त्याचा राग दुसरीकडं वळलेला पाहिजे.

त्या दिवशी तो नानासोकडं वळला.

"कुठाय त्यो रंगारी?" मल्हार दुकानात शिरला तेव्हा बाह्या आधीच दुमडलेल्या होत्या.

"आरं मल्हारी, बस की. च्या सांगू?"

"च्या नगं. माझं तोंड कुठं ठेवलंयस ते सांग. माझ्या बापानं मला वळखलं न्हाई, नान्या! आर्जुना म्हणतोय, पालखीम्होरं फ्लेक्सवरला मल्हार वाजवणार का हितला?"

यातलं शेवटचं वाक्य खरं दुखणं होतं. वाडीच्या बिरोबापुढं वाजणारा मानाचा ढोल मल्हारच्या घरात होता. तात्याबाच्या हाताला कंप सुटल्यापासून तो मल्हारच्या गळ्यात आला होता. पालखी निघाली की त्या ढोलानं देवाच्या पुढ्यात राहायचं. सगळी वाडी देवावर भंडारा उधळते. त्यातला अर्धा देवाला आणि अर्धा ढोलवाल्याच्या तोंडावर. पण वाडीचा रिवाज मोठा कडक. ज्या घरानं एका जत्रेला ढोल गळ्यातून उतरवला, त्या घरात तो परत यायचा नाही. जो वाजवेल त्याच्या घरी जायचा. अर्जुना देवळापुढं नुसता बसून असायचा तो याचसाठी.

नानासोला काहीतरी बोलणं भाग होतं. त्याच वेळी मल्हारची नजर जमिनीवर वाळत पडलेल्या एका फ्लेक्सवर गेली. सांगलीतल्या एका स्किन स्टुडिओचा होता तो. 'एका बैठकीत नवा चेहरा! केमिकल पील!' खाली दोन फोटो. 'आधी' काळाठिक्कर, डागाळलेला बाप्या. 'नंतर' तोच बाप्या, सोललेल्या अंड्यासारखा.

"ह्ये खरं हाय?" मल्हारनं विचारलं.

खरं काय होतं, ते एकट्या नानासोला माहीत होतं. स्टुडिओनं त्याला फक्त 'नंतर'चा फोटो दिला होता. 'आधी'चा त्यानं स्वतः बनवला होता, त्याच गोऱ्या गालांवर काळं फासून. पण मल्हारचा राग त्याच्यावरून उठून दुसरीकडं बसायला बघत होता. अशा वेळी खरं बोलायला माणूस जरा वेगळाच लागतो.

"करून बग की," नानासो म्हणाला. "म्या येतो संगं."

स्टुडिओत गार वारा होता आणि पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. तिनं मल्हारचं नाव विचारलं, फोन नंबर विचारला आणि आगाऊ रक्कम घेतली. मग म्हणाली, "सर, लग्नासाठी करताय की पार्टीसाठी?"

"जत्रंसाठी," मल्हार म्हणाला.

"ओके, म्हणजे पार्टी."

याउपर तिनं काही विचारलं नाही. मल्हारला खुर्चीत आडवं केलं, एका बाटलीतलं पाणी ब्रशनं तोंडाला लावलं आणि हातात छोटा पंखा धरून उभी राहिली. आंबूस वास सुटला. मल्हारच्या हाताच्या मुठी वळल्या. वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे दंडावर झेलणारा माणूस पोरीपुढं आई गं म्हणणार थोडाच!

"जळजळतंय का सर?"

"न्हाई."

"मग अजून थोडा वेळ ठेवू? रिझल्ट भारी येतो."

"ठेवा की!"

नानासो कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून हे सगळं बघत होता. मल्हारच्या गालावर लाल चट्टे उठताना त्याला दिसले. हेच ते तेज, असं त्यानं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मल्हार नेहमीप्रमाणं भट्टीपुढं उभा राहिला. रजा घ्यायला सांगितली कुणी होती? पुढं एक-दोन दिवसांत कातडी सुटायला लागली. लसणाच्या पाकळीवरची साल निघावी तशी. चहाच्या सुट्टीत टपरीवर आरशात बघून मल्हार ती चिमटीनं ओढून काढायचा आणि नानासो शेजारी उभा राहून मदत करायचा, "हितं कानापाशी ऱ्हायलंय बग."

खालून गुलाबी कातडी निघाली तेव्हा दोघं खूश झाले. गुलाबीची लाल झाली. लाल कातडीला पाणी सुटलं. डोळे सुजले. मग ती सुकली आणि काळी पडत गेली, आधीच्यापेक्षा काळी आणि आधीच्यापेक्षा पसरट. पूर्वी दोन जिल्ह्यांवर भागलं होतं, आता नकाशात अख्खा महाराष्ट्र आला. कारखान्यात मात्र यावेळी कुणी हसलं नाही. ते न हसणंच मल्हारला जास्त लागलं.

जत्रा तोंडावर आली होती. नानासोनं त्याला मोटारसायकलीवर घातलं आणि मिरजेला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

डॉक्टर राजनंदिनींनी चष्मा वर करून मल्हारचं तोंड पाहिलं. नानासोच्या लक्षात आलं की इथं आता रागाच्या बाबतीत मल्हारला तोडीस तोड माणूस भेटलंय.

"पीलच्या आधी तोंडाला काय लावत होतास?"

"काय न्हाई. मेडिकलातली एक ट्यूब हुती. खाज, गजकर्ण, गोरेपणा, समद्याला चालती."

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्सं आसंल."

"दोन-तीन वर्षं!" बाईंनी पेन आपटलं. "त्यात स्टेरॉईड असतं. कातडी पातळ करून ठेवलीस तू कागदासारखी. आणि त्यावर आम्ल लावून घेतलंस? पील म्हणजे काय पावडर वाटली तुला? कातडीचा वरचा थर मुद्दाम जाळून काढायचा असतो त्यात. किती जाळायचा, ते माणूस बघून ठरवावं लागतं. हे त्यांना सांगितलंस?"

"त्येंनी इचारलंच न्हाई."

"तू काय काम करतोस?"

"भट्टीवर हाय."

"हे विचारलं?"

"न्हाई."

"ओठावर तापाचे फोड येतात का कधी? जखम झाली की व्रण फुगून वर येतो का? अजून कसल्या गोळ्या चालू आहेत?"

मल्हार प्रत्येकाला न्हाई म्हणत गेला. त्यातली कुठली न्हाई दुखणं नसल्याची आणि कुठली स्टुडिओनं न विचारल्याची, ते नानासोला कळेना. बाईंना कळत असावं, कारण त्या आणखी तापल्या.

"असल्या वांगावर मी लगेच पील करतच नाही. आधी ती ट्यूब सोडवायची, उन्हाचं मलम सुरू करायचं, कातडी दमानं तयार करायची. मग अगदी हलका पील. तोही लांब लांब अंतरानं, थंडीच्या दिवसांत आणि भट्टीवरून रजा काढून. एका बैठकीत नवा चेहरा फक्त जत्रेतल्या मुखवटेवाल्याकडं मिळतो! आपली सावळी कातडी तुझ्यासारखीच आहे. चिडली की काळी पडते. आणि सुटलेली साल ओढून कुणी काढली?"

नानासो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागला.

"आता जाईल का ह्ये?" मल्हारनं विचारलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"सावलीत राहिलास, सांगितलेलंच लावलंस, तर महिन्या-महिन्यानं फिकं होत जाईल. पुसून कोरं होईल असं मी म्हणणार नाही. पण आता ऊन नको, धग नको, घासणं नको."

"आनि भंडारा?"

"कसला भंडारा?"

मल्हारनं ढोलाचं सांगितलं. बाईंनी पुन्हा एकदा त्याचे गाल पाहिले. मग म्हणाल्या, "त्या कच्च्या कातडीवर तो भुगा बसणार, घामात भिजणार, तू तो चोळून धुणार. आणि हल्ली त्यात निव्वळ हळदच असते असंही नाही. तोंडाला भंडारा लागता कामा नये."

"म्हंजे ढोल सोडू?"

"ते मला विचारू नकोस. मी तोंडाचं सांगितलं."

मिरजेहून निघाल्यावर मल्हारनं नानासोला सांगलीकडं गाडी वळवायला लावली. बाह्या दुमडल्या होत्या.

स्टुडिओत पांढऱ्या कोटातली मुलगी मल्हारला बघून दोन पावलं मागं सरली आणि आतून मालकीणबाई आल्या. तोंड बघून त्यांनी मान हलवली, जणू असं तोंड रोजच येतं. म्हणाल्या, "सर, तुम्ही क्रीम लावत होता, हे आम्हाला सांगायला हवं होतं."

"तुमी इचारलं?" मल्हारचा आवाज गार वाऱ्याला गरम करून गेला. "नाव इचारलं, पैसं इचारलं, लगीन का पार्टी इचारलं. तोंडाचं काय इचारलं? म्या मेंढरं राखणाऱ्याचा ल्योक हाय बाई. आमी मेंढराची लोकर कातराय घेतली तरी आधी कातडं चाचपून बगतो. खरूज हाय का, जखम हाय का, गाभण हाय का. मेंढराला इचारता येत न्हाई तरी बगतो! मला तर तोंड हुतं की!"

"सर, आवाज खाली. आमच्याकडं रिझल्ट येतात. बाहेर फोटो बघा ना."

"त्यो फोटो कुणाचा हाय? पत्ता द्या त्याचा. जाऊन बगून येतो."

मालकीणबाईंनी नानासोकडं बोट केलं. "फोटोचं ह्यांना विचारा. 'आधी'चा ह्यांनीच बनवलाय."

मल्हारनं नानासोकडं बघितलं. नानासोनं दोन गालांची तयारी ठेवली. पण मल्हारनं बाह्या खाली केल्या, बाहेर गेला आणि जतच्या रस्त्याला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये चढला. नानासोच्या माहितीत मल्हार बाह्या खाली करून कधी निघून गेला नव्हता. यापेक्षा दोन कानाखाली बसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला मोटारसायकलीशेजारी उभं राहून वाटत राहिलं.

स्टुडिओच्या दारावरचा तो फ्लेक्स त्यानं तिथंच शिडी मागून उतरवला. मुलगी ओरडत होती. त्यानं ऐकलं नाही. पण एक फ्लेक्स उतरवल्यानं काय होतं? गावात असे कितीतरी होते आणि त्यातले बरेच त्याच्याच दुकानातून गेले होते.

जत्रेच्या दिवशी ऊन कलताना नानासो वाडीत पोचला. मल्हारच्या घरापुढं रण पेटलं होतं. मल्हार छपराच्या सावलीत तोंडाला ओला पंचा गुंडाळून बसला होता. अंगणात तात्याबा काठी आपटत होता. आणि अर्जुना, नवा फेटा बांधून, ढोलावर हात ठेवून उभा होता.

"तात्या, पालखी उठायची येळ झाली. मल्हारला जमत न्हाई तर मी हाय की. देवाचं काम कुणाचं आडून ऱ्हातंय व्हय?"

"हात काढ!" तात्याबा गरजला. "तुझ्या बारशाला ह्यो ढोल म्या वाजवलाय. त्या दिवशी वाजवायला नगं हुता!"

"मग मल्हारला उठवा. भंडाऱ्यात उभा करा. त्याची बायली कातडी नाजूक झालीय."

छपरातून मल्हार उठला. नानासोला दिसलं की आता हा पंचा फेकणार, ढोल गळ्यात घालणार आणि तोंडाची राख करून घेणार. राग त्याला नेहमी पुढंच ढकलायचा, तोल बघायला उसंत द्यायचा नाही. नानासो पुढं झाला. बोलायला तोंड नव्हतंच. त्यानं गाडीवरून येताना घातलेलं हेल्मेट डोक्यावरून काढलं आणि पुढं केलं. तोंडभर, काचेचं, पार हनुवटीपर्यंत येणारं.

मल्हार बघत राहिला. हेल्मेटकडं, मग नानासोकडं. मग त्यानं ते हिसकावलंच.

"देवाम्होरं टोपडं घालून?" अर्जुना किंचाळला. "ह्ये चालायचं न्हाई! रिवाज न्हाई!"

"रिवाज ढोल गळ्यात घालायचा हाय," तात्याबा म्हणाला. "डोस्क्यात काय घालायचं त्यो रिवाज न्हाई. आसता तर तुझ्या डोस्क्यात आधी काय तरी घातलं आसतं!"

मग बिरोबाची पालखी निघाली आणि तिच्यापुढं हेल्मेट घातलेला ढोलवाला निघाला. वाडीनं असं काही बघितलं नव्हतं. आधी बायका हसल्या, मग पोरं हसली. मग ढोल बोलायला लागला आणि हसणं थांबलं. मल्हारच्या हातात त्या दिवशी स्टुडिओ होता, अर्जुना होता, सगळा कारखाना होता आणि नानासोही होता. तो एकेकाला ढोलावर घेत होता. भंडाऱ्याच्या मुठीवर मुठी येऊन हेल्मेटवर फुटत होत्या. थोड्याच वेळात काच पिवळी झाली आणि ढोलवाल्याला पुढचं दिसेना. मग नानासो शर्टाचं टोक हातात घेऊन त्याच्या बाजूनं पळायला लागला. चार मुठी पडल्या की काच पुसायची, परत चार पडल्या की परत पुसायची. आतून मल्हार काहीतरी बोलत होता. शब्द कळत नव्हते, हेल्मेटातल्या हेल्मेटात घुमत होते, पण चालीवरून शिव्या आहेत हे ओळखू येत होतं. कितीतरी दिवसांनी तो नानासोशी बोलत होता.

दिवस मावळताना पालखी देवळात परतली. ढोल मल्हारच्या घरात गेला आणि अर्जुना फेटा सोडत निघून गेला. छपरापुढं बसून मल्हारनं हेल्मेट काढलं. तोंड घामानं भिजलेलं होतं, काळे डाग होते तसेच होते, पण पिवळं कुठं लागलेलं नव्हतं. त्यानं गार पाण्यानं तोंड धुतलं, न घासता नुसतं टिपून घेतलं आणि मिरजेच्या बाईंनी दिलेलं मलम बोटावर घेऊन हळूच लावलं. मल्हारचा हात इतका हळू चालताना नानासोनं कधी बघितला नव्हता.

आता विचारलं तर चालेल, असं त्याला वाटलं.

"मल्हारी," तो म्हणाला, "डाक्टरीणबाई म्हणाल्या तसं थंडीत, भट्टीवरनं रजा काढून, समदं नीट इचारून, करणार का रं परत?"

मल्हारनं मलमाचं झाकण घट्ट लावलं.

"करणार, पर तुला संगं न्हेणार न्हाई."